एकेका झाडाला एकेक मालक

मी, लीलावती आत्माराम तासगावकर, वय अडुसष्ट, मूळ राहणार तासगाव, जिल्हा सांगली, सध्या राहणार बख्शी का तालाब, जिल्हा लखनौ, माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डॉक्टर अरुणा सक्सेना यांनी सकाळीच मला तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला. हृदयाबद्दल त्यांनी तसे काही लिहिले नाही, आणि मीही विचारले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी दबावाखाली येणाऱ्यांपैकी आहे की नाही, हे माझ्या मुलाला विचारावे. याआधी मी लिहून ठेवलेला कागद रद्द समजावा.

वकील दीक्षितांचे म्हणणे असे की हे हिंदीत असावे, कोर्टात सोपे पडते. त्यांनी हिंदी तर्जुमा करून सोबत जोडावा. मूळ मात्र मराठीतच राहील, कारण हे जिने वाचायचे आहे ती माझी सून सानिका. तिने ते दुसऱ्याकडून समजावून न घेता, निवांत बसून स्वतः वाचावे.

कलम पहिले : घर

बख्शी का तालाब येथील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा हातपंप एवढे घर माझे पती आत्माराम यांनी हवाई दलातून निवृत्त झाल्यावर बांधले व माझ्या नावे केले. ते माझा मुलगा रणजित याला मिळावे. तो बँकेत आहे, सध्या नाशिकला. त्याने ते विकले तरी मी भूत होऊन येणार नाही. स्वयंपाकघराचा कोपरा पावसाळ्यात गळतो, हे घेणाऱ्यापासून लपवू नये. आत्माराम म्हणत, विमान दुरुस्त करणे सोपे, छत नाही.

कलम दुसरे : वस्तू

माझे शिवणयंत्र कठौली गावच्या रामकलीला द्यावे. तिने ते दोनदा मागितले आणि दोनदा मी हसण्यावारी नेले. पुरणयंत्र आणि हिरवी पैठणी सानिकाला. अमीनाबादेतून घेतलेली मोठी पितळी परातही तिचीच, नाशिकला नेणे जड वाटले तरी. बागेतली हत्यारे, म्हणजे शिडी, करवत, कुदळी आणि आंबे उतरवायचा झेला, ही बागेचा राखणदार खलील याची. तसा तो ती आपलीच समजतो, फक्त आता भांडण राहणार नाही.

कलम तिसरे : बाग, आणि तिची हकीकत

कठौलीच्या तळ्याला लागून माझी आंब्यांची बाग आहे. आत्माराम निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले, आता तासगावला या, द्राक्षे लावा. त्यांनी इथे जमीन घेतली. तीस वर्षे विमानांच्या आवाजात काढलेल्या माणसाला जिथे पाने हलल्याशिवाय दुसरे काही ऐकू येत नाही अशी जागा हवी होती. ते गेले तेही बागेतच, खाटेवर, दुपारची झोप काढताना. मी चहा घेऊन गेले तर उठेनात. त्या जागेवरून माझा जीव हलत नाही, हे मला इथे लिहायला हरकत नाही.

दोन वर्षांपूर्वी समजले की त्या तळ्याच्या काठी अणुवीज प्रकल्प येणार. तळ्याचे पाणी त्याला लागणार, आणि भोवतीच्या ठरावीक अंतरात कोणी राहायचे नाही, शेती करायची नाही. बाग त्या अंतराच्या आत येते, कठौली अर्धी येते. उरलेल्या अर्ध्या गावाने अपघात झाला तर काय करावे, याचे एक पत्रक वाटले गेले : भोंगा वाजताच सर्वांनी शांतपणे सीतापूर रस्त्याने बाहेर पडावे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. अणू कसा फुटतो ते मला कळत नाही आणि ज्यांना कळते त्यांच्याशी मी त्यावर कधी वाद घातला नाही. पण भोंगा वाजला की माणसे काय करतात ते मी पाहिले आहे. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या वसाहतीत भोंगा वाजला की फौजेतल्या माणसांच्या बायकासुद्धा खंदकात न जाता अंगणात येऊन वर बघत उभ्या राहत. त्यात मीही होते. आणि सीतापूर रस्त्याला जायला कठौलीतून वाट एकच. तिच्यावर रेल्वेचे फाटक आहे. मालगाडी येते तेव्हा अर्धा गाव फाटकाशी बसून शेंगा खातो. एवढीच माझी हरकत होती. प्रकल्पाला जागेचा परवाना देण्याआधी हा प्रश्न कोणीतरी विचारावा आणि त्याचे उत्तर गावाला ऐकू येईल असे द्यावे.

लखनौच्या आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस श्री. नरहर विंझे वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते मला म्हणाले, "अहो वहिनी, बिजली तर हवीच ना? रोज संध्याकाळी कंदील पेटवत बसता, आणि वर विरोध!" मी म्हटले, "कंदील विझला तर मला काडी लागते, विंझे. गाव सोडावं लागत नाही." यावर ते हसले आणि घरी जाऊन लखनौच्या समस्त मराठी समाजाचा प्रकल्पाला पाठिंबा असल्याचे पत्र पाठवून दिले. सभा बोलावली नाही, मला विचारले नाही. त्यानंतर दोन गणपतींत मी मंडळात मोदक दिले नाहीत. मोदक न मिळाल्याचे दुःख त्यांना झाले असेल अशी आशा आहे.

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास रणजितची बदली लखनौला झाली. सानिका आणि नात मैत्रेयी आल्या आणि घर भरले. सानिकाचा स्वभाव असा की एखादी गोष्ट पटली की चप्पल पायात सरकवलीच. मला गुडघ्यांनी जखडलेले. ती मोपेडवर कठौलीच्या वस्त्यावस्त्यांत फिरू लागली. डोक्यावर पदर घे म्हणून मी सांगितले तर म्हणाली, "आई, मोपेडवर उडतो तो. रामकलीनं पिन दिलीय." महिन्याभरात रामकली तिला 'दुलहिन' म्हणू लागली, आणि जी बाई माझ्याशी बांधावर उभी राहून बोलायची ती तिच्याशी चुलीजवळ बसून बोलू लागली.

नवरात्रात जनसुनावणीची सूचना निघाली : तेवीस नोव्हेंबर, बुधवार, शहरातल्या कचेरीत. दसरा उलटल्यावर सानिका सांगायला गेली तर बायका म्हणाल्या, तारीख कोण लक्षात ठेवणार, तिथी सांग. आमच्या स्वयंपाकघरात सांगलीहून येणारी मराठी दिनदर्शिका टांगलेली असते. तिने ती पाहिली आणि बायकांना तिथी सांगितली, कार्तिक वद्य पंचमी. रामकलीने ती गावभर केली : कातिक बदी पंचमी.

जे लखनौत नवे आहेत त्यांच्यासाठी लिहिते. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे नाव एकच असते, पण वद्य पक्ष आला की इथला महिना एक घर पुढे गेलेला असतो. आपली कार्तिक वद्य पंचमी म्हणजे इथली अगहन बदी पंचमी. इथली कातिक बदी पंचमी दिवाळीआधीच येऊन जाते. मी लग्नानंतर इथे आले तेव्हा शेजारणींचे सावनी सोमवार माझ्या श्रावणाआधी पंधरा दिवस सुरू झालेले पाहून त्या चुकताहेत असेच मला वाटले होते. त्यांना वाटले, मी चुकते आहे. इथे आलेल्या प्रत्येक मराठी बाईला हे एकदा कळतेच, पण कुठल्यातरी उपासापायी, भाजी निवडताना. सानिकाला इथे येऊन त्या वेळी जेमतेम एकच वद्य पक्ष उलटला होता.

मी त्या वेळी घरी नव्हते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीहून तार आली की माझी बहीण यमुना पडली, मांडीचे हाड मोडले. मी गेले ती दिवाळी उलटल्यावर परतले. मी इथे असते तर ती तिथी एकदा तरी माझ्या कानावर पडली असती. बहिणीला उठवून बसवायला मी नको होते असे म्हणवत नाही. पण ही हळहळ माझ्याबरोबर जाणार आहे.

दिवाळीआधीच्या त्या पंचमीला कठौलीची माणसे धानाची झोडणी टाकून दोन ट्रॅक्टर भरून कचेरीत गेली. बायकांनी धुतलेली लुगडी नेसली होती. तिथल्या चपराशाने त्यांना हाकलले : आज कसली सुनावणी, घरी जा. ती परत आली आणि सरकारने टाळले असे समजून गप्प बसली. घर एकटीवर पडल्याने त्या महिन्यात सानिका कठौलीला गेली नाही, आणि नंतरही तिने त्यांना पुन्हा आठवण केली नाही. एकदा शब्द दिलेल्या माणसाला पुन्हा विचारणे म्हणजे अविश्वास, असे तिला वाटे, आणि त्यात मला आजही काही वावगे दिसत नाही.

तेवीस नोव्हेंबरला त्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या, पाण्याचे जग भरून ठेवले होते. मी आणि सानिका पुढे बसलो होतो. मी माझे फाटकाचे बोलून घेतले. साहेब सज्जन होते, त्यांनी मध्ये तोडले नाही. "माताजी, फाटक पर पुल बन जाएगा," म्हणाले. मग विचारले, "और कोई?" सानिका दाराकडे बघत होती. त्यांनी थोडे थांबून पुन्हा विचारले, "और कोई है?" ती उठून व्हरांड्यात गेली, कचेरीच्या दरवाजापर्यंत गेली, रस्त्यावर जाऊन उभी राहिली. साहेबांनी चहा घेतला आणि कागद मिटले. एका वृद्ध महिलेशिवाय स्थानिक लोकांची हरकत नाही, असे त्यांनी लिहिले आणि ते खोटे नव्हते.

तिथून आम्ही तडक कठौलीला गेलो. रामकली गव्हाच्या वाफ्यात होती. ती म्हणाली, "हम पंचै तौ कातिक बदी पंचमी का गए रहेन। हुआँ कोऊ नाहीं रहा।" सानिकाला पहिल्यांदा कळलेच नाही. मला कळले. मी तिचा हात धरला, पण रामकलीचे तोंड सुटले होते. दिवसभराची मजुरी, चपराशाच्या शिव्या, सगळे एकदम बाहेर आले : "पढ़ी-लिखी दुलहिन, तिथि तक न जानै!"

त्या वाक्याने घर बसले. सानिका रडली नाही, भांडली नाही. स्वयंपाकघरातली दिनदर्शिका तिने काढून गुंडाळून ठेवली. जागेचा परवाना मिळाल्याची बातमी आली त्या दिवशी ती जेवली नाही. मी तिला म्हटले, "अगं, ज्याचा गाव जायचाय त्याला सरकारने तारीख ऐकवायला हवी होती, तू नव्हे." ती म्हणाली, "सरकारनं तारीख बरोबर सांगितली होती, आई." मैत्रेयीची परीक्षा झाल्यावर रणजितने विनंती करून नाशिकला बदली घेतली. सानिका लखनौला पुन्हा आलेली नाही. या दिवाळीतही नाही. पत्र लिहिले की उत्तर येते, त्यात माझ्या औषधांची चौकशी असते आणि कठौलीचे नाव नसते.

मला प्रकल्पाचा जेवढा राग आहे त्याहून याचे दुःख जास्त आहे. ज्या मुलीने महिन्याभरात माझ्यापेक्षा जास्त माणसे जोडली, ती एका वद्य पक्षापायी माणसांना घाबरू लागली.

कलम चौथे : बागेची वाटणी

आता बाग ताब्यात घेण्याच्या नोटिसा निघतील, आणि माझ्या हृदयाचे पाहता त्या बहुधा माझ्यामागेच निघतील. वकिलांनी सांगितले की ज्याचा ज्याचा त्यात हितसंबंध आहे त्या प्रत्येकाला कायद्याने नोटीस द्यावी लागते आणि त्याची हरकत ऐकून घ्यावी लागते. अवधमध्ये जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचे, ही जुनी चाल आहे. म्हणून मी बागेची वाटणी अशी करते.

जमीन सगळी सानिकाची.

झाडे जमिनीपासून वेगळी करून एकेक दिली आहेत. खलीलने खोडांवर चुन्याने आकडे घातले आहेत, नकाशा जोडला आहे. विहिरीजवळचे दशहरी रामकलीचे. बाकीची दशहरी आणि सफेदा कठौलीच्या त्या बायकांची, ज्या ट्रॅक्टरमधून गेल्या होत्या. नावे नकाशात आहेत. उगवतीचा लंगडा खलीलचा. चौसा रणजितचा, तोही सगळ्यांत उशिरा पिकतो. ज्याची फांदी जमिनीला टेकते ते बाठ्याचे झाड मैत्रेयीचे. ती अज्ञान असली तरी तिच्या नावाने नोटीस निघेलच. सहा महिने इथल्या शाळेत काढून तिने जी हिंदी उचलली ती नाशिकलाही सोडलेली नाही. मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, "आजी, मेरा पेड़ ठीक है ना? उस पर कोई और तो नहीं चढ़ता?" तिचे झाड ठीक आहे.

आत्मारामांनी हौसेने कोकणातून आणून लावलेला हापूस श्री. नरहर विंझे यांना. त्याला दरवर्षी पालवी भरपूर येते आणि फळ धरत नाही. मंडळाच्या कामाशी त्याचा मेळ बसेल. नोटीस त्यांनाही येईल. तेव्हा त्यांनी खुशाल उभे राहून आपला पाठिंबा सांगावा. पण समस्त समाजाचा नव्हे, एका झाडाच्या मालकाचा. आणि ते उभे राहून दुसरेच काही बोलले, तर मंडळाला मोदक सुरू करावेत.

दीक्षित वकील म्हणतात, ही वाटणी टिकेलच असे नाही. नाही टिकली तर नाही. पण टिकते की नाही हे ठरवायला तरी सगळ्यांना नाव घेऊन बोलवावे लागेल. "और कोई है?" असे विचारल्यावर या वेळी दाराकडे बघायला लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिले आहे. प्रकल्प थांबेल असे मला छातीठोक सांगता येत नाही. न विचारता झाला, असे मात्र कोणाला म्हणता येऊ नये.

कलम पाचवे : क्रियाकर्म आणि शिल्लक

अस्थी गोमतीत सोडाव्यात. नाशिकला राहता म्हणून गोदावरीचा आग्रह धरू नये; मला इथल्या पाण्याची सवय आहे. तेराव्याचे जेवण घरी न करता बागेत करावे आणि ज्यांना झाडे दिली त्या सर्वांना बोलवावे. ज्याने त्याने आपल्या झाडाखाली बसावे. गोडाची पुरणपोळीच करावी. रामकलीच्या मते ती नुसती 'मीठी रोटी' आहे, तरी ती तीन खाते.

बँकेत जे काही उरेल त्यातून सुनावणीच्या दिवशी कठौलीहून शहरापर्यंत ट्रॅक्टर आणि बुडणारी मजुरी द्यावी. उरले तर मैत्रेयीला.

कलम सहावे : व्यवस्था कोणी पाहावी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यास मी सानिकाला नेमते. रणजितला यात डावलल्यासारखे वाटेल. त्याने तसे वाटून घेऊ नये. 'आई, आता पुरे' हे वाक्य तो माझ्याशी इतक्यांदा बोलला आहे की हे काम त्याचे नाही, हे त्यालाच जास्त माहीत आहे.

सानिका, तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. म्हणून हा निरोप इथे नोंदवून ठेवते. मागच्या आठवड्यात रामकली माझ्याकडे आली होती. माझ्या खाटेशी बसली, पाय चेपून दिले. ते ती कधी करीत नाही. मग खाली बघत तुझी चौकशी केली. त्या दिवशी वाफ्यात जे बोलली ते तिला वर्षभर खाते आहे. चपराशाचा राग होता, निघाला तुझ्यावर. मी तिला सांगितले की पुन्हा सुनावणी होईल आणि पुन्हा कोणीतरी तिथी सांगायला लागेल. त्यावर ती म्हणाली ते जसेच्या तसे लिहिते :

"दुलहिन से कहि देव, तिथि उहै बतावैं। अबकी हम दुइनौ पंचमी का जाब।"

म्हणजे, तिथी तिनेच सांगायची. चुकली तर चुकू दे, या वेळी आम्ही दोन्ही पंचम्यांना जाऊ.

स्वयंपाकघरात आता शेजारीशेजारी दोन खिळे आहेत. एकावर तुझी दिनदर्शिका परत टांगली आहे, दुसऱ्यावर इथले पंचांग. ये आणि दोन्हीत बघून सांग.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्याच मनातले आहे, आणि खालील दोघींसमोर सही करीत आहे. या दोघींना मी काहीही दिलेले नाही, कारण साक्षीदाराला दिलेले कायद्यात टिकत नाही. त्याबद्दल त्यांनी मला माफ करावे.

लीलावती आत्माराम तासगावकर
(सही)

साक्षीदार :
१. डॉ. अरुणा सक्सेना, बख्शी का तालाब (सही)
२. सौ. मनीषा पाटणकर, हवाई दल वसाहत, बख्शी का तालाब (सही)

स्थळ : बख्शी का तालाब, लखनौ
दिनांक : १२ नोव्हेंबर १९९५, रविवार
आपल्याकडे कार्तिक वद्य पंचमी. इथे अगहन बदी पंचमी. दिवस एकच.